कमाई वाढली, पण घर बरे आहे का?

दहावीच्या वर्गात आम्ही राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा शिकवत होतो. वर्षभरात देशात ज्या वस्तू आणि सेवा तयार होतात, त्यांच्या किमतीची बेरीज करायची, तिला लोकसंख्येने भागायचे, की दरडोई आकडा मिळतो. हा आकडा वाढला म्हणजे प्रगती झाली. फळ्यावर एवढे लिहून आम्ही मागे वळलो, तर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हात वर करून उभा होता.

त्याचे चुलते इचलकरंजीत राहतात. मागावर कामाला आहेत. दूषित पाण्याने त्यांना कावीळ झाली, आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले, बिलापायी चुलतीच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. तेव्हापासून घरात रोज पाण्याचा जार विकत येतो. हे सगळे सांगून त्याने विचारले, "सर, दवाखान्याचं बिल, औषधं, जारचं पाणी हे सगळं त्या बेरजेत धरत्यात न्हवं? म्हणजे आजारी पडलं की देशाचं उत्पन्न वाढतंय व्हय?"

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसता आले नाही, कारण हिशेबाच्या भाषेत पोराचे म्हणणे बरोबर होते. बिल बेरजेत येते, जार बेरजेत येतो. आठ रात्री उशाशी बसून राहिलेली त्याची आजी मात्र त्या बेरजेत कोठेच येत नाही. नदीचे पाणी स्वच्छ असते, तर ना बिल झाले असते ना जार लागला असता. घर सुखात राहिले असते आणि आकडा मात्र तेवढ्याने कमी दिसला असता.

त्या मुलाचा प्रश्न आज जगभरातले मोठे अर्थतज्ज्ञ आणि सरकारेही विचारू लागली आहेत. या विचाराला कल्याणाचे अर्थशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण विषय आपल्या चुलीपाशी, नळापाशी आणि शाळेच्या दाराशी येऊन थांबणारा आहे. म्हणून या महिन्यात त्याविषयी वाचकांशी बोलावे असे आम्हाला वाटले.

जे मोजले जाते आणि जे राहून जाते

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत बसवण्यात सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञाचा मोठा वाटा आहे. १९३४ मध्ये त्यांनी आपला अहवाल अमेरिकेच्या संसदेपुढे ठेवला, तेव्हाच बजावून ठेवले होते की या आकड्यावरून लोकांचे कल्याण किती झाले याचा अंदाज बांधू नका. ज्याने तराजू केला, त्यानेच सांगितले की याने सगळे तोलता येणार नाही. पण तराजू हाती आला आणि इशारा विसरला गेला.

सरासरीची आणखी एक खोड आहे. ती खालच्यांना झाकते. साखर कारखान्याच्या मालकीतला बडा आसामी आणि त्याच कारखान्यासाठी ऊस तोडायला बीडहून आलेले जोडपे यांची सरासरी काढली तर दोघेही सुखवस्तू दिसतील. आपल्या समाजाच्या बाबतीत हे झाकलेले चित्र सचर समितीने उघडे केले. २००६ साली आलेल्या त्या अहवालाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे दाखवले की देशाचे साक्षरतेचे प्रमाण ६५.१ टक्के असताना मुसलमानांचे ५९.१ टक्के होते. देशाची सरासरी वर चढत होती, त्या चढणीवर आपण कितव्या पायरीवर आहोत हे वेगळे मोजल्याशिवाय कळले नाही.

घराचेही तसेच आहे. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील लक्ष्मीपुरीत फळांचा गाडा लावतात. मुलीच्या लग्नाचे पैसे साठवायचे म्हणून त्यांनी रात्रीची रिक्षाही सुरू केली. घरात फ्रीज आला, मोठा टीव्ही आला. पालकसभेला आई आली तेव्हा आम्ही म्हणालो, "आता बरे चालले आहे ना?" ती म्हणाली, "पैसा आताय सर, पन बच्चों के बाप का मूं जुम्मे के जुम्मे दिखता." पुढे कळले की आईच्या मदतीसाठी ती मुलगी आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडवते. कागदावर त्या घराचे उत्पन्न दुप्पट झाले होते. ते घर दुप्पट बरे झाले होते का?

कमाई नको असे आम्ही म्हणत नाही. गरिबीचे गोडवे गाणे ही भरल्या पोटीची चैन आहे. आपल्या प्रेषितांनी, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, दुआमध्ये गरिबीपासून अल्लाहची पनाह मागितली आहे. प्रश्न एवढाच आहे की कमाई कशासाठी, आणि ती करताना काय खर्ची पडते.

इमाम गझालींची यादी

आपल्या दीनी परंपरेला हा प्रश्न नवा नाही. इमाम गझाली ११११ साली निवर्तले. शरीअतचा हेतू काय, याचा विचार करताना त्यांनी पाच गोष्टींचे जतन सांगितले: दीन, जीव, बुद्धी, वंश आणि माल. मुलांना आम्ही ही यादी सांगतो तेव्हा दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. एक, मालमत्ता यादीत आहे. इस्लामने तिला तुच्छ मानलेले नाही. दोन, या नेहमीच्या क्रमात ती शेवटी येते. जीव धोक्यात घालून, पोरांची बुद्धी उपाशी ठेवून आणि पुढच्या पिढीचे पाणी नासवून माल वाढवला, तर चार हरवून एक कमावल्यासारखे होते.

आता आठशे-नऊशे वर्षे पुढे येऊ. १९३४ मध्ये जन्मलेले महबूब उल हक पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ झाले. साठच्या दशकात ते तिथल्या नियोजन मंडळात होते आणि उत्पादनाचे आकडे झपाट्याने वाढत होते. १९६८ मध्ये त्यांनीच उभे राहून सांगितले की या वाढीचा मलिदा देशातल्या बावीस घराण्यांच्या हाती एकवटला आहे. स्वतःच्या कामावर असे बोट ठेवायला हिंमत लागते. पुढे संयुक्त राष्ट्रांसाठी काम करताना, केंब्रिजमधले आपले जुने मित्र अमर्त्य सेन यांना सोबत घेऊन त्यांनी १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक जगापुढे ठेवला. त्यात उत्पन्न आहेच, पण त्याच्या बरोबरीने आयुर्मान आणि शिक्षणही आहे. एक पाकिस्तानी आणि एक हिंदुस्थानी अशा दोघांनी मिळून जगाला नवा तराजू दिला, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

त्यानंतर ही वाट रुंदावत गेली. भूतानने तर सत्तरच्या दशकातच राष्ट्राचे सुख मोजण्याची भाषा सुरू केली होती. वेल्सने २०१५ मध्ये कायदा करून सरकारी संस्थांना पुढच्या पिढ्यांचा विचार बंधनकारक केला. न्यूझीलंडने २०१९ चा अर्थसंकल्प कल्याणाचा अर्थसंकल्प म्हणून मांडला. हे सारे देश सुखात लोळत आहेत असे नाही. भूतानमधून तरुण मुले मोठ्या संख्येने कामासाठी ऑस्ट्रेलियाला जात आहेत. नुसते सुख मोजून पोट भरत नाही, हाही धडा त्यात आहे.

आपल्या देशात नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी गरिबीचा पहिला राष्ट्रीय अहवाल काढला. त्यात घराचे उत्पन्न विचारलेलेच नाही. पोषण, मुलांचे मृत्यू, गरोदर मातेची देखभाल, शाळेची वर्षे, मुलांची हजेरी, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, वापरातल्या वस्तू आणि बँक खाते अशा १२ गोष्टी पाहिल्या जातात. गझालींची यादी शेजारी ठेवून पाहा. जीव, बुद्धी, वंश, माल हे चारही इथे वेगळ्या नावाने भेटतात.

शाहू महाराजांचा हिशेब

पण आम्हा कोल्हापूरकरांना याचा धडा घ्यायला भूतान किंवा न्यूझीलंडला जायची गरज नाही. दसरा चौकात जाऊन उभे राहिले तरी पुरे.

राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर बसले. पाठोपाठ दुष्काळ आला, मग प्लेग आला. संस्थान लहान, तिजोरी मर्यादित. अशा वेळी राजाने काय करावे? त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, कामे काढली आणि पुढच्या दुष्काळाला तोंड द्यायचे तर पाणी अडवले पाहिजे हे ओळखले. भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. पैशाअभावी काम थांबले आणि ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. महाराज १९२२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी गेले. भरलेले धरण त्यांनी पाहिले नाही. आज पावसाळ्यात राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे कोल्हापुरातले प्रत्येक घर कान देऊन ऐकते.

पाण्याबरोबर शाळा. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे गंमत नव्हती.

शाळेबरोबर राहायची सोय. खेड्यातला पोरगा हुशार असला तरी शहरात झोपणार कुठे, जेवणार कुठे? १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृह उभे राहू लागले. मुसलमान मुलांसाठी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि तिचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग ही त्याच कामाची निशाणी. कुरआनचा मजकूर मराठीत यावा यासाठीही त्यांनी पुढाकार घेतला होता. आणि २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, त्या व्याख्येत मुसलमानही होते.

आता एक हिशेब करून पाहू. १९०१ साली एखाद्या वसतिगृहावर झालेला खर्च कोणी तपासला असता, तर त्याने "यातून संस्थानाला उत्पन्न किती?" असे विचारले असते आणि उत्तर शून्य आले असते. पण कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी राहून गेला. त्याने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि महाराष्ट्रातल्या खेडोपाडी शाळा गेल्या. त्या शाळांतून शिकलेल्या लाखो मुलांची कमाई कोणत्या रकान्यात लिहायची? आपल्या घरातही कोणी ना कोणी रयतच्या शाळेत शिकलेला निघेल.

कोल्हापूरची आजची सुबत्ता, म्हणजे ऊस, गूळ, दूध, सहकारी संस्था, ही आकाशातून पडलेली नाही. आधी पाणी, शाळा आणि माणसाची इज्जत यांवर खर्च झाला, पैसा मागून आला. महाराज गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानापुढे गाडी थांबवून चहा घेत. ज्याच्या हातचे पाणीसुद्धा लोक घेत नव्हते, त्याच्या हातचा चहा राजा चारचौघांत पितो, याची किंमत कोणता अर्थतज्ज्ञ मोजेल? पण त्या कपाने किती माणसांची मान वर झाली, हे कोल्हापूरला ठाऊक आहे.

माग चालू, नळ बंद

याच जिल्ह्यात दुसरी गोष्टही आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला. विठ्ठलराव दातारांनी तो आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिले. शंभर-सव्वाशे वर्षांत गावाचे शहर झाले, महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून नाव झाले, २०२२ मध्ये महानगरपालिका झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे कामाला आली. त्यात आपल्या समाजाची हजारो घरे आहेत. कोणी मागावर, कोणी सायझिंगमध्ये, कोणी वहिफणीला; बायका कांड्या भरतात, मेंडिंग करतात.

शहर पंचगंगेच्या काठी आहे, आणि तरीही पिण्याच्या पाण्याला मोताद आहे. वरच्या अंगाने शहरांचे आणि गावांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि कापड प्रक्रियेचे पाणी नदीत येते. नदीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आता कोणाला नवलाच्या वाटत नाहीत. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. माणसे दगावली, दवाखाने ओसंडून वाहिले. नंतर कृष्णेचे पाणी, वारणेचे पाणी, दूधगंगेचे पाणी असे मार्ग चर्चेत राहिले. वारणाकाठ आणि दूधगंगाकाठचे शेतकरी म्हणाले, तुमची नदी तुम्ही घाण केली, आता आमची मागता? त्यांची भीतीही खोटी नाही. एका नदीचे नासलेले पाणी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडण लावते, ते असे.

मागाच्या मीटरवर कापड मोजले गेले. नदीचा मीटर कोणी लावलाच नाही. शाहू महाराजांच्या राज्यात आधी पाणी आणि मग पैसा असा क्रम होता. इथे पैसा आधी धावला आणि पाणी मागे राहिले. आमच्या विद्यार्थ्याच्या चुलतीच्या पाटल्या त्या उलट्या क्रमात गेल्या.

छत्तीस लाख

पण इचलकरंजीचीच आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. २०२० चा रमजान आठवा. मशिदींची दारे बंद, तरावीह घरात, ईदची खरेदी नाही. कोरोनाने पहिल्यांदाच दाखवले की खिशात पैसे असूनही खाट मिळत नाही. त्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकात आणि दानातून ३६ लाख रुपये उभे केले आणि शहरातल्या इंदिरा गांधी स्मृती या सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. ईदच्या दिवशी, २५ मे रोजी, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते दूरचित्र प्रणालीवरून त्याचे लोकार्पण झाले.

या गोष्टीत आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, पैसा कुठल्या नव्या इमारतीवर किंवा पाटीवर न जाता, जिथे सगळ्यात गरीब माणूस उपचाराला येतो त्या सरकारी दवाखान्यात गेला. दुसरी, खाटेवर कोणाला झोपवायचे हे धर्म विचारून ठरणार नव्हते. तिसरी, वर्षभर मागावर घाम गाळणाऱ्यांच्या शहराने हे केले.

जकात कोणाला द्यायची याचे आठ वर्ग सूरह तौबामध्ये ठरलेले आहेत, त्यामुळे कोणती रक्कम जकातीतून आणि कोणती सदका किंवा इमदादीतून खर्चायची, हे आपापल्या उलेमांना विचारून ठरवावे. पण ज्या जकातीला आपण अडीच टक्क्यांची वजाबाकी समजतो, तो खरे तर आपल्या समाजाचा कल्याणाचा अर्थसंकल्प आहे. दरवर्षी, न चुकता, कोणत्याही सरकारच्या मंजुरीशिवाय मांडला जाणारा. सध्या आपण तो पाचशे-पाचशेच्या नोटांत दारात वाटून टाकतो. मागणारा पुढच्या रमजानला पुन्हा दारात उभा राहतो. त्याच पैशातून एका विधवेला शिलाई यंत्र, एका पोराची पूर्ण वर्षाची फी, एका फळवाल्याचे सावकारी कर्ज फिटले, तर पुढच्या वर्षी घेणारा हात कदाचित देणारा होईल.

भरवशाची किंमत

आणखी एक गोष्ट आहे, जी कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाही. ती म्हणजे भरवसा. संध्याकाळी मुलगी शिकवणीहून परत येईल हा भरवसा, दुकानाचे शटर सकाळी जसेच्या तसे दिसेल हा भरवसा. जून २०२३ मध्ये कोल्हापूर शहरात आणि १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात जे घडले, त्याने हा भरवसा हलला. गजापुरात घरांची आणि मशिदीची नासधूस झाली. आमच्या वर्गातल्या मुलांनी तेव्हा जे प्रश्न विचारले, ते इथे लिहिवत नाहीत. आणि हिशेबाची विटंबना पाहा: फुटलेल्या काचा पुन्हा बसवल्या की तो खर्चही देशाच्या उत्पादनात जमा होतो. उडालेल्या झोपेची नोंद कुठेच होत नाही.

तरी याच जिल्ह्यात कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो, आणि मोहरम व गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि मूर्ती एका छताखाली असतात. २०१९ च्या महापुरात होडीत बसवताना कोणी कोणाचे आडनाव विचारले नव्हते. हा भरवसा आपल्या आजा-पणज्यांनी पै-पै करून साठवलेली ठेव आहे. तिच्यावर व्याज मिळत नाही, पण ती बुडाली की बाजारपेठ, शाळा, दवाखाना सगळेच आजारी पडते. तिचे जतन करण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि शेजारधर्म म्हणून आपलीही आहे.

आपल्या हातात काय आहे?

धोरणे मुंबई-दिल्लीत ठरतात, आपण काय करणार, असे म्हणून सुटता येणार नाही. काही दारे आपल्यासाठी कायद्याने उघडी आहेत आणि आपणच आत जात नाही.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आमचा इतक्या वर्षांचा अनुभव असा की समितीवर नाव द्यायला आयांना विनवावे लागते. "घर में पूछ के बताती" म्हणून गेलेली आई परत येत नाही. आणि याच समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा असतो: शौचालय, पाणी, शिक्षक, पोषण आहार. भावांनो, आपल्या घरातल्या बाईला त्या सभेला पाठवा. तिला पाण्याचा आणि पोराच्या डब्याचा हिशेब आपल्यापेक्षा जास्त कळतो.

गावात राहणाऱ्यांसाठी ग्रामसभा आहे, तिच्याआधी महिला सभा आहे, आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात गावाने काय मागायचे ते तिथे ठरते. आपल्या मोहल्ल्याची मागणी बहुधा कब्रस्तानाची भिंत आणि कमान इथे सुरू होऊन इथेच संपते. कब्रस्तानाला भिंत हवीच. पण जिवंत माणसांसाठी गटार, अंगणवाडी आणि मुलींना संध्याकाळी बसून वाचता येईल अशी एक उजेडाची खोली, हेही मागा.

त्या दहावीच्या वर्गाला आम्ही मग एक घरपाठ दिला. आपापल्या गल्लीचा ताळेबंद लिहून आणायचा, आणि त्यात रुपये लिहायचे नाहीत. नळाला पाणी किती वेळ येते? ते न उकळता पिता येते का? शाळा सोडलेले मूल कोणत्या घरात आहे आणि का? एकटी राहणारी म्हातारी माणसे किती, आणि त्यांच्याकडे रोज कोण डोकावते? रक्तदाबाची गोळी पैशाअभावी कोण बंद करते? खेळायला जागा कुठे आहे? ईदची खीर आणि दिवाळीचा फराळ कोणत्या दारातून कोणत्या दारात जातो?

मुलांनी जे लिहून आणले, ते वाचताना आम्हाला आमचीच गल्ली नव्याने दिसली. एकीने लिहिले होते की आमच्या गल्लीत सात घरांना पाणी पहाटे तीनला येते, म्हणून सात मुली शाळेत पेंगतात. आम्ही त्या मुलींना वर्गात कितीदा तरी झोपाळू म्हणून रागावलो होतो. तो कागद घेऊन चार पालक आणि आम्ही नगरसेवकांकडे गेलो. पहिल्यांदा उत्तर मिळाले नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या खेपेला पाणी सोडण्याची वेळ पहाटे साडेपाचची झाली. एवढ्याने जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न एका पैशानेही वाढले नाही. पण सात मुली आता तिसऱ्या तासाला जाग्या असतात.

वाचकहो, हाच घरपाठ आपणही करून पाहावा अशी आमची विनंती आहे. येत्या जुम्म्याला जेवणानंतर घरातली सगळी माणसे, लहान पोरांसकट, एकत्र बसा. महिन्याच्या कमाईचा हिशेब आपण करतोच. त्या दिवशी दुसरा हिशेब करा. या वर्षी घरात कोण जास्त हसले, कोण गप्प झाले? कोणाची शाळा, कोणाची झोप, कोणाची तब्येत त्या कमाईसाठी खर्ची पडली? आणि मग तोच प्रश्न गल्लीला, गावाला, महापालिकेला विचारा. सूरह माऊनमध्ये नमाज पढणाऱ्यांनाही ताकीद आहे, ती यतीमाला लोटून देण्याबद्दल आणि रोजच्या वापरातली छोटीशी वस्तू शेजाऱ्याला नाकारण्याबद्दल. किती छोट्या गोष्टीवरून आपला हिशेब होणार आहे, हे त्यातून कळते.

आमच्या त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी आम्ही वर्गात उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावरची व्याख्या तशीच ठेवून खाली एक ओळ लिहिली: "परीक्षेत हेच लिहा. पण गावाची प्रगती पाहायची असेल, तर आधी नळाखाली ओंजळ धरा." त्याने ती वहीत उतरवून घेतली. अल्लाह करो आणि तो मोठा होईल तेव्हा पंचगंगेचे पाणी त्याच्या ओंजळीत घेण्यासारखे असो.